कोंडजुव्याचे परराष्ट्र व्यवहार

मी बायकोशी जे बोलतो ते राजाध्यक्षसाहेबांच्या तोंडून बाहेर पडतं. शिमग्यापासून हे असं चाललं आहे. एव्हाना मला त्याची सवय झाली असेल असं लोक म्हणतात. मला मुळीच झालेली नाही.

पहिल्या दिवशी मी माजघरात पेज जेवायला बसलो होतो. पेज आळणी लागली म्हणून आत चुलीपाशी बसलेल्या विलासिनीला म्हटलं, "मीठ घाल गो वायच." जीभ हलली, ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. त्याच वेळी खाडीपलीकडे, मोठ्या जमिनीवर, राजाध्यक्षसाहेब आपल्या बंगल्याच्या पडवीत दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, घसा साफ केला आणि पाण्याकडे तोंड करून ते म्हणाले, "बेटाच्या वतीने असं कळवण्यात येतं की, पेजेच्या संदर्भात मिठाची परिस्थिती चिंताजनक आहे."

खाडीवरून आवाज स्वच्छ येतो. विलासिनीने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो कोण बोललो?"

"मीच," मी म्हटलं.

"बेट या वक्तव्याला दुजोरा देतं," पलीकडून साहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वस्तरा उचलला.

तेवढ्यात माझ्या पायांना गार लागलं. मागच्या दारातून खाडीचं पाणी आत आलं होतं आणि माजघर व स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावरून वाहत पुढच्या दाराने बाहेर चाललं होतं. पाणी घोट्याएवढं होतं. त्यात दोन-चार शेवटे मासे आणि एक चिंबोरी होती. विलासिनी चुलीसकट पलीकडे राहिली, मी पेजेसकट अलीकडे. मी लगेच उठून पाण्यात पाय टाकला, उंबरा ओलांडला आणि माजघरात पोचलो. म्हणजे जिथून निघालो तिथेच, तोंडही त्याच बाजूला. पुन्हा ओलांडला, पुन्हा माजघर. चिंबोरीने अंगठ्याला चावा घेतला. मी ओरडलो. ती ओरड मात्र माझ्याच तोंडून निघाली, कारण ती कुणाला उद्देशून नव्हती.

हे समजायला आमच्या बेटाचा दर्जा ठाऊक हवा. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. आमचा कोंडजुवा खाडीच्या तोंडाशी आहे. तो मोठ्या जमिनीचा आहे, पण मोठ्या जमिनीत नाही. स्वतंत्र नाही, पण परतंत्र म्हटलं तर साहेबांना वाईट वाटतं. आमचे कायदे आम्हीच करतो. शेजाऱ्याच्या आवारात पडलेला नारळ कुणाचा, माडावर कुणी कुठल्या वारी चढायचं, सासूने सुनेच्या माहेराबद्दल किती वेळ बोलायचं, हे सगळं देवळाच्या सभामंडपात ठरतं आणि मोठी जमीन त्यात तोंड घालत नाही. घालू शकते, पण घालत नाही, आणि घालत नाही याबद्दल आम्ही दरवर्षी तिचे आभार मानतो. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे तिच्याकडे आहेत आणि तिच्या वतीने ते राजाध्यक्षसाहेब बघतात.

आमची निष्ठाही मोठ्या जमिनीवर नाही, अबदागिरीवर आहे. देवाच्या पालखीबरोबर धरतात ती झालरीची छत्री, तीच. पूर्वी तिच्याखाली एक राजा असायचा. तो वारला, छत्री राहिली. साहेब बेटावर येतात तेव्हा ती त्यांच्या शेजारून आपली आपण चालत येते आणि देवळाच्या पायरीला हमखास अडखळते. मग सगळे नमस्कार करतात. मीही करतो, सार्वभौमाला ठेच लागली तर हसू नये एवढं मला कळतं.

आता हे आम्ही मान्य कसं केलं, ते ऐका. आमच्या देवळात भिकाजी गावकर गाऱ्हाणं घालतात. तो त्यांच्या घराण्याचा मान आहे. ते हात जोडून बेटाच्या राखणदार देवाला एकेक मागणं सांगतात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हाराजा" म्हणतात आणि आम्ही सगळे एका दमात "होय म्हाराजा!" अशी आरोळी ठोकतो. वाक्यात काय असतं ते जन्मल्यापासून आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नाही. कान "म्हाराजा"कडे असतात आणि मन गाऱ्हाण्यानंतरच्या वडे-सागोतीकडे. गेल्या शिमग्याला राजाध्यक्षसाहेब राज्यघटना घेऊन आले होते. ती वाचून दाखवून आमची संमती घ्यायची होती. साहेब हुशार माणूस. त्यांनी थोडा वेळ खांबाला टेकून आमचं गाऱ्हाणं ऐकलं, मग कागद उलगडला आणि भिकाजींच्याच चालीवर सुरू केलं.

"बेटाच्या रक्षणाची जबाबदारी मोठ्या जमिनीची राहील, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"बेट बाहेरच्यांशी जे बोलेल ते मोठी जमीन बोलेल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो होय म्हणेल तो बेटाचा, जो न म्हणेल तो बाहेरचा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माझा आवाज आहेच चांगला; खाडीत होडीवरून हाक मारली तर बंदरावरची कुत्री उठतात. बायकांच्या बाजूला विलासिनी उभी होती. ती तेवढी म्हणाली, "थांबा. ता मधला परत वाचा." आरोळीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिची ही सवय जुनीच. आमच्या लग्नातही तिने मंगलाष्टकांत भटजींना थांबवून प्रत्येक श्लोकाचा अर्थ विचारला होता. चौथ्या श्लोकाशी मुहूर्त टळला आणि आमचं लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागलं. माझ्या मामाने त्यावरून मला आयुष्यभर छळलं.

तर ती होय म्हणाली नाही, म्हणून ती बाहेरची झाली, आणि ती जिथे बसते ती जागाही बाहेरची झाली. मला तिचं सगळं ऐकू येतं. ऐकण्यावर मोठ्या जमिनीचा काही हक्क नाही, फक्त बोलण्यावर आहे.

पहिले काही दिवस साहेब पलीकडून ओरडून कामकाज चालवत होते. पण माझं आणि विलासिनीचं बोलणं सकाळी उठल्यापासून सुरू होतं, त्यामुळे त्यांची दाढी अर्धी राहू लागली. एकदा ते म्हणे कलेक्टरांच्या घरी जेवायला गेले असताना भर पंगतीत उभे राहून म्हणाले, "बेट आपल्या हरवलेल्या लेंग्याबाबत माहितीची अपेक्षा करतं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते होडीत बसून आले. बरोबर ट्रंक, वस्तरा आणि अबदागीर. मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरले आणि चुलीजवळच्या पाटावर बसले. तो पाट माझा होता.

"दूतावास जवळ असलेला बरा," साहेब म्हणाले.

"साहेबांनू, चाय घेशात?" विलासिनीने विचारलं.

"आभारी आहे," साहेब म्हणाले. "आपल्या सौजन्याची योग्य ती नोंद घेतली जाईल."

विलासिनीने माझ्याकडे वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या चहाची कुणी नोंद घेतली नव्हती.

खरी पंचाईत तिथे सुरू झाली. साहेब माझं बोलणं बदलत होते, आणि बदललेलं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी म्हणायचो, "काय गो, परत बांगडोच?" साहेब म्हणायचे, "बांगड्याच्या क्षेत्रातील आपल्या सातत्याचं बेट स्वागत करतं." मी म्हणायचो, "माझी चाय खंय मरान पडली?" साहेब म्हणायचे, "चहाविषयक सहकार्याला लवकरच गती मिळेल असा बेटाला विश्वास वाटतो." विलासिनी हसायची आणि चहा आणायची. परातीत ठेवून परात पाण्यावर सोडायची, परात तरंगत माझ्याकडे यायची. मीच बोललेलं असूनही मला त्या वाक्यांचा हेवा वाटू लागला. एकदा मी मुद्दाम शिवी दिली. साहेबांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "उभय पक्षांत काही मतभेद आहेत, परंतु ते मैत्रीच्या चौकटीतले आहेत."

व्यापारही असाच. मी पाग टाकून मासे आणतो. ते परातीतून पलीकडे जातात तेव्हा कच्चा माल असतो. परत येतं ते कालवण. मधल्या मधे साहेबांची वाटी भरते. कालवणातले तळाचे काटे माझ्या वाट्याला यायला लागले तेव्हा मी तक्रार केली. साहेबांनी ती माझ्या वतीने स्वतःकडेच केली, स्वतःच ऐकून घेतली आणि माशाचा आणखी एक तुकडा चोखत ती फेटाळली.

संरक्षणाचं तर विचारूच नका. डास हे बाह्य आक्रमण असल्यामुळे आम्ही ते मारायचे नाहीत. मोठी जमीन मारेल. मोठ्या जमिनीने पहिल्या आठवड्यात तीव्र चिंता व्यक्त केली, नंतर डासांना संयम बाळगायला सांगितलं. सगळं बेट अंग खाजवत बसलं होतं. सगळ्यांत वाईट अवस्था राखणदाराची. पिढ्यान् पिढ्या तो काठी आपटत, घुंगरं वाजवत बेटाच्या कडेने फिरायचा. आता संरक्षण त्याच्याकडे राहिलं नाही. तो वडाखाली बसून असतो, काठी मांडीवर आडवी. येणारे-जाणारे त्याला शेजाऱ्याच्या नारळाबद्दल विचारतात, कारण अंतर्गत कारभार अजून त्याच्याकडे आहे.

हे सगळं चालवून घेता आलं असतं. पण उंबऱ्यावरची खाडी रुंद होत होती. घोट्याचं पाणी पोटरीला आलं, पोटरीचं गुडघ्याला. विलासिनीचा चेहरा आधी हाताच्या अंतरावर होता, मग होडीच्या लांबीवर गेला. माजघर तेवढंच राहिलं, स्वयंपाकघरही तेवढंच राहिलं, मधलं पाणी तेवढं वाढलं आणि घर बाहेरून होतं तेवढंच दिसत होतं. एके सकाळी चूल हलताना बघितली मी. स्वयंपाकघर जमिनीपासून सुटलं होतं आणि लाटेबरोबर वर-खाली होत होतं. मी धावत जाऊन सुंभ आणलं, एक टोक माजघराच्या खांबाला बांधलं आणि दुसरं परातीतून पलीकडे सोडलं. विलासिनीने ते स्वयंपाकघराच्या दाराला बांधलं. गाठ चांगली घट्ट मारली तिने. ते बघून मला जरा बरं वाटलं.

साहेबांनी गाठीकडे बघितलं. "दोरी ही संरक्षणाची बाब आहे," ते म्हणाले.

"मग तुमी बांधा," विलासिनी म्हणाली.

"आम्ही तिला मान्यता देऊ शकतो. बांधू शकत नाही." मग त्यांनी ट्रंकेतून चष्मा काढून चुलीकडे, मांडणीकडे, लोणच्याच्या बरणीकडे निरखून बघितलं. "मुळात या स्वयंपाकघराचा दर्जा काय, हा प्रश्न विचाराधीन आहे. ते बेटाचं आहे, पण बेटात नाही. स्वतंत्र म्हणावं तर सुंभ आहे. येत्या अमावास्येच्या उधाणाला सुंभ राहिलं तर अवलंबित. तुटलं तर मोकळं."

"मोकळं म्हणजे खंय जातला?" मी विचारलं. ते त्यांच्याच तोंडून "बेट पुढील वाटचालीबाबत उत्सुक आहे" असं निघालं, त्यामुळे त्याला उत्तर कुणी दिलं नाही.

मला तेव्हा खरोखर भीती वाटली. खाडीच्या तोंडापलीकडे समुद्र आहे. मी डोळे मिटले तर मला विलासिनी चुलीसकट, मांडणीसकट, साहेबांसकट दर्यात जाताना दिसायची, आणि साहेब क्षितिजावरून माझ्या वतीने हात हलवत असायचे.

मी तिला म्हटलं, "होय म्हण गो एकदा. म्हटलंस की सुटलो." साहेब म्हणाले, "बेट आपणास होकारात्मक भूमिका घेण्याचं आवाहन करतं."

"आधी ता मधला कलम परत वाचा," विलासिनी साहेबांना म्हणाली. "काय आसा ता कळल्याबिगर मी होय म्हणूचंय नाय."

"बाई, कलम एकदाच वाचतात. नंतर ते फक्त लागू होतं."

"मग होयसुदा एकदाच म्हणतत. आणि ता मी म्हटलंय नाय."

साहेबांनी तिच्याकडे आदराने बघितलं. मला ते आवडलं नाही. मी सगळा धीर एकवटून, जे कधी दिवसाउजेडी बोललो नव्हतो ते बोललो. "विलासिनी, तुज्याशिवाय माका गमना नाय गो." साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनाही ते अवघड गेलं असावं. मग म्हणाले, "उभय पक्षांतील पारंपरिक संबंध अधिक दृढ व्हावेत, अशी बेटाची मनःपूर्वक इच्छा आहे."

विलासिनी माझ्याकडे बघत राहिली. "माका काय ता कळाक नाय," ती म्हणाली आणि तिने चुलीत फुंकर घातली.

त्या दुपारी मी रागाने पाय आपटत वडाकडे गेलो. राखणदार बसलाच होता. त्याच्यासमोर उभा राहून मी मनातलं सगळं भडाभडा बोललो. साहेबांना, अबदागिरीला, त्या चिंबोरीला, सगळ्यांना झोडपलं. बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मघापासून मला माझाच आवाज ऐकू येतो आहे. अख्ख्या बेटाला ऐकू गेला होता; पलीकडच्या बंदरावरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली होती. राखणदाराने मान वर केली आणि काठीने जमिनीवर एकदा टकटक केलं. देवाशी बोलणं हा अंतर्गत कारभार आहे.

मी तडक भिकाजी गावकरांकडे गेलो. त्यांना आम्ही सगळे भिकूआजो म्हणतो. ते पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "आजो, माज्या घरात गाऱ्हाणा घालूचा आसा," मी म्हटलं.

"कसला गाऱ्हाणा?"

"बायलेचा."

आजोंनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुजी बाईल तर बाहेरची."

"गाऱ्हाणा तिका घालूचा नाय. राखणदाराक घालूचा. तिणा नुसता आयकाचा."

आजोंनी बराच विचार केला. घटनेत याच्याविरुद्ध काही असेल तर त्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण तेही होय म्हणत होते. "बरा," ते म्हणाले. "पण मान आमचो. बोलतलंय मी. तू मदी तोंड घालूचा नाय."

अमावास्येला दुपारी उधाण येतं. सगळं बेट आमच्या माजघरात जमलं. माजघर मावेल तेवढं मोठं झालं, त्यात विशेष काही नाही. राखणदारही येऊन खांबाजवळ उभा राहिला, सुंभ बांधलं होतं तिथेच. पलीकडे स्वयंपाकघर चांगलं हातभर उचललं गेलं होतं आणि संथपणे डुलत होतं. विलासिनी दारात पळी घेऊन उभी होती. साहेब पाटावर बसून भात कालवत होते. अबदागीर मांडणीला टेकून ठेवली होती. सुंभ ताठ झालं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

आजोंनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्यो जयवंता कुबल तुज्या पायाकडे इलो आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेची बाईल पाण्यापलीकडे आसा, ता सोयपाकघर उधाणात सुटाक नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शब्द आजोंच्याच तोंडून निघत होते. साहेबांचं तोंड रिकामं होतं. त्यांना ते जाणवलं. त्यांनी बोटांनी आपले ओठ चाचपून बघितले. मला इतका आनंद झाला की मी नाचायचा बाकी होतो. पण आजोंना गाऱ्हाण्याची वाट पायाखालची. ते आपल्या नेहमीच्या वळणाला लागले.

"तसाच माजा ढोपार दुखता, ता बरा कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"वरल्या वाडीची म्हस गाभण रवांदे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी आरोळीत एक आवाज जास्त होता. साहेबांचा. इतके दिवस आमच्यात राहून त्यांनाही लागण झाली होती. म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. वरल्या वाडीच्या म्हशीबद्दल मोठ्या जमिनीने आता हमी दिली होती. ते घाईघाईने ट्रंकेत कागद शोधू लागले, आणि वाकताना त्यांचा भार एका बाजूला गेला तसं स्वयंपाकघर कलंडलं. सुंभाचा एक पेड तुटला. दोन पोरी किंचाळल्या.

आजोंचं चालूच होतं. चाकरमान्यांना मुंबईत खोली मिळू दे, काजूला मोहर राहू दे, जो कोण वाईट नजर लावील त्याची नजर त्याच्याच दारात पडू दे. लोक होय म्हणत होते. सुंभाचा दुसरा पेड सुटून पाण्यात लोंबायला लागला. आजो काजूवरून आंब्याकडे वळलेले बघून माझा संयम सुटला. मान त्यांचा होता, बायको माझी होती. मी पुढे झालो आणि त्यांच्या हातातला नारळ हिसकावून घेतला.

"बा राखणदारा म्हाराजा!" मी ओरडलो, आणि माझा आवाज माझ्याच तोंडून निघाला. "माका तिच्या हातची पेज नको म्हाराजा! माका ती व्हयी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ती मदीच थांबवता, विचारता, तेवा मी चिडतंय म्हाराजा! पण ह्या अख्ख्या जुव्यार आयकणारा माणूस ता एकच आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ती गेली तर आमी नुसती बोंब मारणारी रवतलंव, म्हाराजा! तिका खंय जावक देव नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे गरजले. छपराची कौलं हलली. आजोही म्हणाले, राखणदारही म्हणाला, अबदागिरीच्या झालरीही हलल्या. कुणीही एक शब्द ऐकलेला नव्हता. सगळ्यांचे डोळे नारळाकडे होते, तो कधी फुटतो आणि खोबरं कधी मिळतं याच्याकडे.

"थांबा," विलासिनी म्हणाली.

या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. नारळाकडचे सगळे डोळे तिच्याकडे वळले. पाणी तेवढं वाहत होतं.

"आता काय म्हणालात, ता परत सांगा," ती म्हणाली.

ती राखणदाराकडे बघत नव्हती, आजोंकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. गाऱ्हाणं देवाला एकदाच घालतात. आता बोलायचं म्हणजे तिच्याशी बोलायचं, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे काय होतं ते माजघरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. राखणदाराने दोन्ही हातांनी सुंभ धरलं. ते त्याच्या अखत्यारीत नव्हतं, पण त्याने धरलं. शेवटचा पेड करकर वाजू लागला.

मी तोंड उघडलं. पलीकडे पाटावर बसलेल्या साहेबांनी तोंडातला भात घाईने गिळला, घसा साफ केला आणि तेही तोंड उघडू लागले.

विलासिनीने पळी खाली ठेवली. वाकून तिने आपला तळहात साहेबांच्या तोंडावर दाबून धरला, घट्ट, सुंभाची गाठ मारली होती तसा, आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

मी बोललो, माझ्याच आवाजात.